घोडा आत हाय

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. पानमळ्यात पायताण घालून शिरायचं नसतं. पाटील असो, सुभेदार असो, नायतर प्रत्यक्ष जावई असो. आंघोळ करून यायचं, वहाणा बांधावर काढायच्या, मग आत. माझ्या सासऱ्यानं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मला हे सांगितलं आन् मी जन्मभर पाळलं. पुढं औरंगाबादेत जो तमाशा झाला तो ह्या एका गोष्टीपायी झाला. लोक अजून मलाच हसतात. हसा बापडे, पण आधी ऐकून तरी घ्या.

मी आवडाबाई, पिशोरची. आमचा पानमळा मोठा नव्हता, पण वेल आमची होती. म्हंजे नवऱ्याच्या पणज्यानं कुठून तरी आणलेली, दुसऱ्या कुणाच्या मळ्यात नसलेली. पान लहान, देठ लालसर, जिभेवर ठेवलं की चावायचं काम नाय. निजामाच्या फसली सन तेराशे तीसच्या दुष्काळात विहीर आटली आन् मळा उभ्या उभ्या वाळला. माझ्या नवऱ्यानं, फकिरानं, कपाळाला हात लावला आन् बांधावर बसला. तो बसला की बसतो. मी वाळक्या वेली चाचपत फिरले. सात बेणी हिरवी सापडली. सात! तेवढी गेली की वेल दुनियेतून गेली. ओल्या पोत्यात गुंडाळली आन् म्हणलं, "मी चालले औरंगाबादला."

"कशाला?"

"तुमच्या पणज्याला वाचवायला," म्हणलं. तो आणखीच घाबरला.

औरंगाबादेत हसीनाबेगमचं घर होतं. त्यांचा मालक वारलेला, लेक हैदराबादेत नोकरीला. बेगमसाब एकट्या, गोषात राहणाऱ्या, आन् पान म्हंजे त्यांचा जीव. पंधरा वर्षं आमचीच पानं खायच्या. त्यांच्या घरात जमिनीखालून नहराचं पाणी यायचं, दुष्काळ असो का काय असो. मी उंबऱ्यात पोतं उघडून दाखवलं. त्यांनी एक बेणं उचललं, डोळ्यांपाशी नेलं आन् म्हणाल्या, "सात हीच का?"

"सातच."

"इनो मरे तो मै क्या खाऊं?" म्हणाल्या आन् तिथल्या तिथं मला धान्याची रिकामी कोठी दिली.

कोठी म्हंजे तीन दगडी पायऱ्या उतरून खाली. थंडगार. दार चांगलं रुंद, पूर्वी गाडीतली पोती सरळ आत न्यायचे. धाब्याच्या छताला उजेडासाठी एक सानं, म्हंजे भोक, त्यावर काच. पानवेलीला कडक ऊन नकोच असतं, गार सावली लागते. मी दोन गाड्या माती टाकली, तुराट्यांचा मांडव केला, वेली लावल्या. माघात लावल्या आन् फाल्गुनात पालवी फुटली. मी फकिराला सांगावा धाडला, श्रावणात बेणं घेऊन येते, तोवर विहिरीतला गाळ काढा.

चैत्रात पानावर काळा ठिपका दिसला.

दुसऱ्या दिवशी दहा. मग देठ कुजायला लागले. हात लावला की पान हातात यायचं. बेगमसाब म्हणाल्या, पाणी कमी घाल. कमी घातलं. शेण बंद केलं. राख टाकली. एक वेल गेली, दुसरी गेली. एक दिवस मी कोठीत दिवसभर बसून ऱ्हायले आन् माझंच डोकं दुखायला लागलं, तवा कळलं. हवा! हवा हालतच नव्हती. ओल आतल्या आत कोंडलेली. आमच्या मळ्यात वारा खालून शिरायचा आन् शेंड्यावरून निघून जायचा. त्याची कधी किंमतच केली नव्हती, कारण तो फुकट होता.

बेगमसाबांनी छताला पंखा टांगला, मोठा, झालरीचा. मी दोरी ओढत बसले. चार दिवस ओढला. दंडात गोळे आले, आन् पानं तशीच काळी. पंख्यानं काय होणार? तीच शिळी हवा इकडून तिकडं जायची आन् तिकडून इकडं यायची. दार उघडं ठेवावं तर समोरच्या चुलीचा धूर सगळा आत. सान्यावरची काच काढली, पण वरून हवा जायची तर खालून यायला तर पाहिजे ना! खालून यायला एकच जागा होती. उगवतीची भिंत. तिच्या पल्याड लिंबाची सावली, आड, पाणी शिंपडलेली गार जमीन.

आन् तात्यासाहेब देशमुखांचं अंगण.

तात्यासाहेबांच्या घरातल्या बायकाबी गोषात. वीस वर्षं ही भिंत दोन्ही घरांच्या मधी उभी, पण इकडच्या बाईनं तिकडच्या बाईचा चेहरा बघितलेला नाय. मी त्यांच्या वाड्यावर गेले, हात जोडले, म्हणलं, "भिंतीला खाली हातभर भोक पाडू द्या."

"कशासाठी?"

"पानवेलीला वारा लागंल."

तात्यासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "भोकातून आमच्या अंगणात दिसंल."

"कुणाला?"

"जो कोण आत असंल त्याला."

"आत वेली हायेत, मालक. वेलीला डोळे नसतात."

"वेलीला नाय. वेलीला पाणी घालणाऱ्याला असतात."

"पाणी मी घालते. मी बाई हाय, दिसंना का?"

"आज तू हायेस. उद्या कोण असंल?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणलं, उद्या वेलच नसंल, मग बसा भिंतीकडं बघत. त्यांनी मला गड्याकरवी दारापर्यंत पोचवलं.

बेगमसाबांनी मोजणीच्या कचेरीत अर्ज दिला. पंधरा दिवसांनी मोजणी करणारे अमीन आले. सय्यद मुबारक अमीन. बारीक माणूस, शेरवानीला सगळी बटणं, आन् खाली सरकारी घोडा. घोड्याचं नाव दिलबर. पांढरा, म्हातारा, डोळ्यांत सगळं बघून झाल्यासारखा. तोवर माझ्या चार वेली उरल्या होत्या.

अमीनसाहेबांनी ओसरीवर दप्तर उघडलं. बेगमसाब चिकाच्या पडद्याआड, तात्यासाहेब समोरच्या खुर्चीत, मी खांबाशी.

"मोहल्ल्याचा दस्तूर साफ आहे," अमीन म्हणाले. "शेजारच्या जनान्याकडं झरोका काढायचा तर त्याचा उंबरा घोडेस्वाराच्या नजरेच्या वर पाहिजे. घोड्यावर बसलेल्या माणसाला पल्याडचं दिसता कामा नये."

"साहेब, वारा खालून पाहिजे," मी म्हणलं. "वर ठेवून काय उपेग?"

"दस्तुरात वाऱ्याचा उल्लेख नाही."

"बरं, वर तर वर. द्या काय ते." चार वेली घेऊन मी कुठं भांडत बसू?

अमीनसाहेब तात्यासाहेबांना म्हणाले, "आपल्या अंगणात घोडा उभा करतो, मी वर बसतो, नजरेची खूण करतो."

तात्यासाहेब हसले. "माझ्या अंगणात बसून काय मोजता? माझंच अंगण मला चोरून बघायचंय का? बघणारा पलीकडं असणार. घोडा कोठीत उभा करा, तिथं वर बसा, आन् मग खूण करा."

मला वाटलं आता अमीन ह्यांना वेड्यात काढतील. पण अमीनसाहेबांनी दप्तराची तीन पानं उलटली, बोट चालवलं आन् मान डोलवली. "बात वाजिब है. दस्तुरात लिहिलंय, नजर ज्या बाजूनं जाते त्या बाजूनं मोजावी."

"कोठीत घोडा कशाला येईल?" बेगमसाब पडद्याआडून म्हणाल्या. "वहां तो पान है!"

"हा सवाल मोजणीचा नाही," अमीन म्हणाले.

दिलबरला लगाम धरून पायऱ्यांपाशी आणलं आन् मी आडवी झाले. "थांबा. हा मळा हाय. आत पायताण चालत नाय."

"आम्ही जोडे काढू."

"तुमचं नाय म्हणत. ह्याचं."

सगळ्यांनी दिलबरच्या पायांकडं बघितलं. चारही खुरांना लोखंडी नाल, चकचकीत.

"नाल म्हणजे पायताण नव्हे," तात्यासाहेब म्हणाले.

"मग काय हाय? पायात घालतात, चालताना वाजतं, झिजलं की बदलतात. पैंजण हाय का?"

अमीनसाहेबांनी पुन्हा दप्तर उघडलं. मला वाटतं त्या माणसाला दप्तर उघडायला कारणच लागायचं. बराच वेळ शोधून म्हणाले, "नाल पायताण नाही असं कुठंही लिहिलेलं नाही." झालं. मजीद नालबंदाला बोलावणं गेलं. तो आला, त्यानं ऐकलं, माझ्याकडं बघितलं, अमीनांकडं बघितलं, आन् चारही नाल उपटले. खूर घासून साफ केले. "माझं खुलताबादला काम आहे," म्हणाला आन् गेला. मी दिलबरचे पाय धुतले, आन् दिलबर तीन पायऱ्या उतरून कोठीत आला.

अमीनसाहेब वर चढले. डोकं धाब्याच्या लाकडाला लागलं. मान वाकडी करून भिंतीकडं बघितलं आन् तिथून म्हणाले, "झरोका माझ्या नजरेच्या वर काढायचा तर तो धाब्याच्या वर जातो."

"म्हंजे?"

"म्हणजे भिंतीत जागा नाही. अर्ज नामंजूर."

तात्यासाहेब जिंकल्यासारखे उठले. मी मातीत बसले. रडले नाय, पण बसले. आन् तेवढ्यात दिलबरनं माझ्या चौथ्या वेलीचा शेंडा तोंडात घेतला. मी फाडकन त्याच्या गालावर हाणली. पान तिखट लागलं असणार, त्यानं थुंकलं, पण तोवर वेल मुळासकट उपटून आली होती. तीन उरल्या.

"काढा ह्या गाढवाला भायेर!"

अमीनसाहेब उतरले, लगाम ओढला. दिलबर दोन पावलं चालला, पहिल्या दगडी पायरीवर खूर ठेवला आन् मागं घेतला. खूर ताजे घासलेले, नाल नाय. दगड टोचला. पुन्हा ओढलं. त्यानं कान मागं पाडले. पायऱ्यांवर पोती टाकली, पोत्यांवर सतरंजी टाकली. चौघांनी मागून ढकललं. दिलबर हालला नाय. बाहेर वैशाखाचं ऊन, आत ओली मऊ माती आन् सावली. खरं सांगते, मी घोडा असते तर मीबी गेले नसते.

"नालबंदाला बोलवा, इथंच नाल ठोकू," अमीन म्हणाले.

"आत पायताण चालत नाय," मी म्हणलं.

"मग तो बाहेर कसा येणार?"

"तुमचा घोडा. तुम्ही बघा."

भायेर आल्याशिवाय नाल ठोकता येईना, आन् नाल ठोकल्याशिवाय घोडा भायेर येईना. अमीनसाहेब पायी कचेरीत गेले. दुसऱ्या दिवशी आले, तिसऱ्या दिवशी आले. चौथ्या दिवशी आले तवा बगलेत दुसरंच दप्तर होतं आन् चेहरा उजळलेला.

"तबेल्याचा जाबता," त्यांनी वाचलं. "सरकारी घोडा सलग तीन दिवस जिथं उभा राहील ती जागा सरकारी तबेला समजावी. तबेल्याच्या दोन समोरासमोरच्या भिंतींना जनावराच्या गुडघ्याच्या उंचीवर हवेसाठी झरोके असावेत, नाहीतर जनावराला खोकला होतो. ह्या कामी शेजाऱ्याची हरकत चालणार नाही."

मी उभीच ऱ्हायले. "गुडघ्याच्या उंचीवर?"

"गुडघ्याच्या."

"आन् तात्यासाहेबांच्या अंगणात दिसलं तर?"

"घोडा जनान्याकडं बघत नाही," अमीन गंभीरपणे म्हणाले. "तसं गृहीत धरलेलं आहे."

माणूस मरत असता तर अर्ज नामंजूर. वेल मरत असती तरी नामंजूर. घोड्याला खोकला होईल म्हणताच दुपारपर्यंत गवंडी हजर! पहिलं भोक तात्यासाहेबांच्या भिंतीला, दुसरं दाराच्या बाजूला, धुरापासून लांब कोपऱ्यात. शेवटचा दगड निघाला आन् लिंबाखालचा गार वारा माझ्या घोट्यांना लागला. मग तो वेलींत शिरला. पानं हालली. सान्याकडं गेला. मी दिलबरच्या गळ्यात हात टाकला आन् मग रडले. तीन दिवसांपूर्वी मीच त्याला हाणलेली, पण त्यानं मनात ठेवलं नाय.

आठ दिवसांत नवी पालवी आली, बिनडागाची. पण नुसत्या पालवीचं बेणं होत नाय. वेल वाढावी लागती, पेरं धरावी लागतात. श्रावणापर्यंत वारा पाहिजे. म्हंजे श्रावणापर्यंत भोकं पाहिजेत, म्हंजे तबेला पाहिजे, म्हंजे घोडा पाहिजे. रोज अमीन यायचे, रोज म्हणायचे, "नाल?" आन् मी रोज म्हणायचे, "भायेर."

आता वच्छलाबाईंचं सांगते. तात्यासाहेबांची बायको. एका दुपारी भोकातून एक हात आला. हिरव्या बांगड्या, तळव्यावर भिजवलेले हरभरे. दिलबरनं वाकून खाल्ले. मी मांडवाच्या आड गप बसलेली. दुसऱ्या दिवशी हात आला आन् आवाजबी आला.

"बाळ्या, खा रे. आमच्या बिडकीनला असाच पांढरा होता. मी लहानपणी त्याच्या पोटाखालून पळायचे."

मग रोजचंच झालं. घरची माणसं जेवून आडवी झाली की वच्छलाबाई भिंतीपाशी बसायच्या आन् घोड्याशी बोलायच्या. बिडकीनचं बोलायच्या. नऊ वर्षं माहेरी गेल्या नव्हत्या. आई वारली तवा निरोप उशिरा आला, गाडी जुंपली नाय. पहिली लेक दीड वर्षाची होऊन गेली, तिचं नाव ह्या घरात कुणी घेत नाय, म्हणून त्या घोड्यापाशी घ्यायच्या. मी ऐकायचे. घोडा काय ऐकणार, तो हरभरे शोधायचा. आन् एके दिवशी त्या म्हणाल्या, "मग मी तिचं झबलं ट्रंकेत तळाशी ठेवलं," आन् गप झाल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग?"

मी जीभ चावली. आता बोंबाबोंब होणार, भोक बुजणार. पण पल्याडून हळूच म्हणाल्या, "मग काय? अजून तिथंच हाय. कधी वास घेते."

त्या दिवसापासून दिलबर बोलायला लागला. "हां," म्हणायचा, "मग?" म्हणायचा, आन् एकदा तर "जाऊ द्या, रडून घ्या" असंबी म्हणाला. मी कोण ते त्यांनी कधी विचारलं नाय. मीबी सांगितलं नाय. तात्यासाहेबांना बायकोचा आवाज ऐकू जायचा, पण ते चारचौघांत मिरवायचे, "आमच्या घरात मुक्या जनावराची लई दया. तासतासभर बोलतात त्याच्याशी!"

ज्येष्ठ लागला आन् कोठीत वास यायला लागला. मी वेली बघितल्या. चांगल्या होत्या. मग दिलबरचा पाय उचलला. खूर खालून मऊ पडलेला, काळा, बोट लावलं की दिलबर थरथरायचा. माझ्या ओल्या मातीत महिनाभर उभं राहून त्याचे खूर कुजायला लागले होते. माझ्या पानांचे देठ कुजले तसे. मी मातीत बसले आन् त्याचा पाय मांडीवर घेतला. श्रावणाला अजून दोन महिने होते. तो दुसऱ्या पायावर तोल सांभाळत माझ्या डोक्यावर श्वास टाकत उभा. कुरकुर नाय, काय नाय.

मी बेगमसाबांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वो गया तो बेल भी गई, आवडा."

"म्हणून मुकं जनावर सडवू का?" मी ओरडलेच त्यांच्यावर. "सासऱ्यानं मळा राखायला सांगितला, पाप करायला नाय सांगितलं!" त्या मजीदला बोलवा म्हणाल्या.

मजीद नालबंद आला आन् पायरीवर थांबला. मी म्हणलं, "आत ये. नाल घेऊन ये." त्यानं स्वतःचे जोडे काढले. चार लोखंडी नाल हातात असे धरले की जणू प्रसाद हाय. जन्मात पहिल्यांदा माझ्या मळ्यात पायताण शिरलं, आन् मीच शिरवलं. मी तिन्ही वेलींना हात जोडले, म्हणलं, माफ करा. मजीदनं खूर साफ केले, डांबर लावलं, खिळे ठोकले. दिलबरनं एकदा मान झटकली आन् टक टक टक तीन पायऱ्या चढून नवरदेवासारखा उन्हात गेला.

गल्लीत अमीनसाहेब वाट बघत होते. रिकिबीत पाय टाकून वर बसले, दप्तर मांडीवर घेतलं आन् म्हणाले, "तबेला रिकामा. झरोके बुजवा." गवंडी मागंच उभा, चुना कालवलेला. तात्यासाहेब स्वतः देखरेखीला आले होते.

मी कुणाच्या पाया पडले नाय. मला ते जमत नाय. मी कोठीच्या दारात उभी ऱ्हायले आन् म्हणलं, "आधी मला चिणा, मग भोक चिणा." गवंड्यानं मला हातानं बाजूला केलं आन् पहिला दगड उचलला.

तेवढ्यात भिंतीपल्याडून आवाज आला. मोठा, स्वच्छ, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"भोक बुजवू नका. घोडा आत हाय."

परक्या पुरुषांनी ऐकावं असं वच्छलाबाई आजवर बोलल्या नव्हत्या. तात्यासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, घोडा गेला," ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले. "हा काय, अमीनसाहेब वर बसलेत."

"आत हाय. आत्ता माझ्याशी बोलला."

"घोडा कसा बोलंल?"

"महिनाभर बोलायलाय. 'हां' म्हणतो, 'मग' म्हणतो. तुम्हीच नव्हता का सगळ्यांना सांगत, आमच्या घरची घोड्याशी बोलती म्हणून?" मग म्हणाल्या, "आन् आत घोडा नसंल, तर मी रोज दुपारी भिंतीला कान लावून कुणाशी बोलत होते, ते तुम्हीच सांगा ह्या माणसांना."

मी तात्यासाहेबांकडं बघितलं. गवंडी बघत होता, मजीद बघत होता, समोरच्या दारातली माणसं बघत होती. अब्रूपायी ज्यानं वेलीला हातभर वारा दिला नव्हता, त्याची सगळी अब्रू आता त्याच हातभर भोकात अडकली होती. त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी तो पुसला, मिशी पुसली, घसा खाकरला.

"अमीनसाहेब," ते म्हणाले, "लिहून घ्या. घोडा आत हाय."

अमीनसाहेबांनी खाली दिलबरच्या मानेकडं बघितलं. "आणि मग मी ज्यावर बसलोय तो?"

"तो माझ्या नजरेला दिसत नाय."

"लेखी देता?"

"देतो."

दप्तर उघडलं. लई वेळ पानं उलटली. "शेजाऱ्याचा लेखी जबाब असेल तर घोडा आत आहे," अमीन शेवटी म्हणाले, आन् त्यांच्या ध्यानात आलं तसा त्यांचा चेहरा पडला. कचेरीत घोडा एकच. तो आत असंल तर ते त्यावर बसलेले असू शकत नव्हते. त्यांनी लिहिलं, तात्यासाहेबांची सही घेतली, शाई वाळवली, आन् मग हळूच दिलबरवरून खाली उतरले. लगाम धरला आन् पायी चालायला लागले. दिलबर मागून रिकाम्या पाठीनं. पुढं म्हणे असंच चाललं. अमीन गावोगाव पायी जायचे आन् घोडा मागून मोकळा. म्हातारपणात सुख लागलं बिचाऱ्याला.

तात्यासाहेबांना मात्र रोज गवताची एक पेंढी कोठीत पाठवावी लागायची. न पाठवून कसं चालंल, घोडा आत होता ना!

श्रावणात तीन वेलींची एकवीस बेणी निघाली. ओल्या पोत्यात गुंडाळली. निघायच्या दिवशी दुपारी मी भोकापाशी बसले. हात आला, रिकामाच. मी पहिल्यांदा तो हातात धरला. वच्छलाबाईंनी तो घट्ट दाबला, पण कोण म्हणून विचारलं नाय.

"जायलास का, बाळ्या?" एवढंच म्हणाल्या.

पोतं उचलून मी पायऱ्या चढले. मागं वळून बघितलं तर बेगमसाब चप्पल काढून कोठीत उतरत होत्या. वीस वर्षं त्या भिंतीच्या अल्याड राहिलेली बाई गुडघे दाबत मातीत बसली आन् भोकाशी तोंड नेलं.

"हौ," बेगमसाब म्हणाल्या. "फिर?"

घोड्याची बोली बदलली होती. मग वच्छलाबाईंनी पुन्हा बिडकीनपासून सुरुवात केली. पहिल्यापासून, त्या पांढऱ्या घोड्यापासून.

पिशोरला एकवीसपैकी एकोणीस लागली. फकिरानं विहिरीतला गाळ खरंच काढला होता. दुसऱ्या वर्षी पहिली शंभर पानं मी औरंगाबादला घेऊन गेले. पन्नास बेगमसाबांना दिली आन् पन्नास कोठीत नेऊन भोकातून पल्याड सरकवली. म्हणलं, "घोड्यानं पाठवलीत."

पल्याड वच्छलाबाई लई हसल्या. मग भोकातून हात आला, आन् त्यात ते जुनं झबलं होतं, घडी केलेलं. "तिकडं ठेवा," म्हणाल्या. "तिकडं वारा चांगला हाय."